तळाची हवा

तात्या कुठल्याही खोल जागेत शिरायच्या आधी काडी ओढायचे. एकदा नाशिकला कॉलेज रोडवर एका नव्या इमारतीत आमचं काम होतं. गाडी तळघरात लावायची होती. उताराच्या तोंडाशी तात्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून जीप थांबवली, खाली उतरले, चार पावलं आत गेले आणि काडी ओढून ती थेट पायाच्या घोट्याजवळ धरली. वॉचमन ओरडत आला, "ओ बाबा, गाड्यांत पेट्रोल हाय, काय लावलंय?" तात्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. काडी बोटाला लागेपर्यंत जळू दिली आणि म्हणाले, "चांगली हाय. येऊ द्या जीप." मागे गाड्यांची रांग लागलेली, हॉर्नवर हॉर्न, आणि मी आत तोंड लपवून बसलेली. वर तात्या त्या वॉचमनला विचारतात, "तू दिवसभर हितं खालीच बसतो का? मग अधनंमधनं वर येत जा बाबा."

तात्या म्हणजे आमच्या वायनरीत टाक्या साफ करणाऱ्या माणसांचे मुकादम. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. विंचूरच्या बाजूला जो तो द्राक्षबागायतदार वाइन करायला निघाला होता, त्यातलेच आमचे मालक एक. मी रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली, पहिलीच नोकरी, आणि डोक्यात हवा म्हणाल तर भरपूर. आमचं घराणं त्र्यंबकेश्वरला पूजा सांगणाऱ्यांचं. वडील नातेवाइकांना "मुलगी फळप्रक्रियेत आहे" एवढंच सांगायचे, आणि कुणी जास्त खोदून विचारलं तर पंचांग उघडून बसायचे.

तात्या मूळचे कळवणकडचे. अंगानं काटकुळे, डोक्यावर मळकी टोपी, बोलणं अगदी हळू. उन्हाळ्यात गावोगावच्या विहिरींचा गाळ काढायचा हा त्यांचा जन्माचा धंदा. मालकांच्या मळ्यातली विहीर साफ करायला म्हणून आले आणि मालकांनी त्यांना ठेवूनच घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, "विहीर काय अन्‌ टाकी काय, उतरायचं खालीच."

त्यांच्याजवळ कायम एक कंदील आणि एक लांब दोर असायचा. दोराला हात-हात अंतरावर गाठी. टाकीत माणूस उतरायच्या आधी कंदील उतरायचा. तात्या गाठी मोजत दोर सोडायचे, कंदील तळाला टेकला की मनातल्या मनात शंभर आकडे मोजायचे. ज्योत टिकली तर माणूस खाली. विझली तर कडुनिंबाची चांगली पानांवाली फांदी दोराला बांधून टाकीत वरखाली, वरखाली घुसळायची, घामाघूम होईपर्यंत. याला ते 'फांदी मारणं' म्हणायचे. मग पुन्हा कंदील. विहिरीवाले हे करतातच, त्यात नवल नाही. नवल हे, की माणसं नुसती चहाला वर आली तरी परत उतरताना तात्यांचा कंदील पुन्हा आधी जायचा. कामावरचे गडी चिडवायचे, "तात्या, तुम्ही शिंकला तरी परत कंदील सोडाल!" तात्या शांतपणे म्हणायचे, "सोडीन."

हे कशासाठी, ते सांगते. द्राक्षाचा रस आंबायला लागला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. रंग नाही, धूर नाही, पण साध्या हवेहून दीडपट जड. टाकीतला वारा हलत नसेल तर तो तळाला साचून राहतो. वरून बघणाऱ्याला टाकी रिकामी दिसते आणि उतरणारा माणूस दोनचार श्वासांत आडवा होतो. मी त्याला त्याच्या नावानं हाक मारायची, तात्या नुसतं 'ती' म्हणायचे. "आज ती गुडघाभर हाय." "आज ती तिसऱ्या गाठीपातूर आली." पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, हे कुणा बाईबद्दल बोलतायत की काय.

आता एक गोष्ट मला फार उशिरा कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तात्या तुम्हाला नुसते हट्टी म्हातारे वाटतील. मला तसेच वाटायचे. तात्यांचा थोरला भाऊ, ज्याला ते दादा म्हणायचे, गावातल्याच एका विहिरीत गेला. सकाळी तात्यांनी फांदी मारली, कंदील सोडला, ज्योत टिकली, आणि दोघं भाऊ तीन तास खाली खोरं मारत राहिले. दुपारी दोघं वर येऊन जेवले. जेवण झाल्यावर दादा म्हणाला, "मी होतो पुढं," आणि उतरला. कंदील सोडायचा राहिला. सकाळी तर बघितला होता! दादा तळाशी पोचला, खाली बसला, तो उठलाच नाही. तात्या त्याच्यामागे उडी घ्यायला निघाले, तर चार जणांनी त्यांना कमरेला धरून ठेवलं.

विहिरीच्या काठावर दादाची बायको, म्हणजे तात्यांची वहिनी, सगळ्या गावासमोर एकच वाक्य बोलली, "भाऊजी, तुम्ही फांदी नीट मारली नाय." गावानंही तेच धरलं. कोपऱ्यातली हवा उठवली नाही, ती उरली, तिनं माणूस घेतला. तात्यांचं उत्तर जन्मभर एकच होतं. फांदी नीट मारली होती, पण मिसळलेली हवा परत खाली बसली. बघा, या एका गोष्टीवर त्यांचा सगळा जीव टांगलेला होता. मिसळलेली हवा आपोआप परत तळाला बसत असेल, तर फांदीचा दोष नाही. बसत नसेल, तर वहिनी खरं बोलली.

आणि मी, मूर्ख मुलगी, रोज चहाच्या वेळी त्यांना पटवून देत होते, की बसत नाही.

खरं तर 'ती'शी खेळावं तर तात्यांनीच. मालकांकडे एकदा पुण्याहून पाहुणे आले होते, वाइन चाखायला. तात्यांनी व्हरांड्याच्या पायऱ्यांवर सात पणत्या लावल्या. मग एक रिकामी बादली दोरानं आंबणाऱ्या टाकीत सोडली, अलगद वर ओढली आणि भरलेली बादली आणावी तशी दोन्ही हातांनी सांभाळत घेऊन आले. पाहुणे डोकावून बघतात तर बादलीत काही नाही. तात्यांनी ती वरच्या पायरीवर तिरकी केली. पहिली पणती विझली, मग दुसरी, मग तिसरी, एकेक पायरी उतरत सातवीसुद्धा. कुणी फुंकलं नाही, वारा नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, एक बाई तर घाबरून मागे सरकल्या. तात्या म्हणाले, "वतली की वाहती. पान्यावानीच हाय ती, फक्त दिसत नाय."

'ती'चं पाण्यासारखं वाहणं मला कबूल होतं. पुढचं कबूल नव्हतं. "तात्या, ओतली तेव्हा वाहिली, बरोबर. पण आता ती व्हरांड्यातल्या हवेत मिसळून गेली. ती काही उद्या सकाळी परत पायऱ्यांखाली गोळा होणार नाही."

"व्हईल," तात्या म्हणाले. "गढूळ पानी भांड्यात ठिवा. रातभर राहू द्या. सकाळी गाळ खाली, पानी वर. जड ते खालीच जानार ना, बाई?"

"गाळाचे कण मोठे असतात हो. हवेचे कण इतके बारीक, की ते एक क्षण जागेवर थांबत नाहीत, सारखी धावपळ. एकदा मिसळले की मिसळले. हा चहा बघा. साखर आधी तळाशी होती. ढवळली. आता अख्खा दिवस ठेवला तर परत तळाशी साखरेचा थर बसेल का?" मला चेव आला. "आणि तुमचं खरं असतं ना, तर जगातली सगळी जड हवा जमिनीवर येऊन बसली असती. रामकुंडावर अंघोळीला उतरलेली माणसं कधीच आडवी झाली असती!"

गडी हसले. तात्यांनी कपात पाहिलं, अर्धा चहा तसाच खाली ठेवला आणि उठून गेले. मला वाटलं, हरले. विज्ञानाचा विजय! हे असं मी एकदा नाही, त्या हंगामात चारपाच वेळा तरी केलं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग मार्चमधला तो दिवस आला. मालकांनी हौसेनं जमिनीत पुरलेली एक सिमेंटची टाकी बांधून घेतली होती, दोन पुरुष खोल, वर फक्त माणूस जाईल एवढं तोंड. आदल्या दिवशी तिच्यातली वाइन काढून झाली होती. तळाला थोडा गाळ होता, तो दुसऱ्या दिवशी खरवडायचा होता. संध्याकाळी तात्यांनी फांदी मारली, वरून पंखाही लावला, कंदील तळाला अगदी दिवाळीसारखा तेवला. मी स्वतः वाकून बघितलं आणि टाकीवर खडूनं 'ठीक' असं लिहिलं.

सकाळी आठलाच द्राक्षांचा ट्रक दारात उभा. ऊन चढत होतं, फळ तापलं तर सगळा माल वाया जाणार, आणि दुसरी टाकी रिकामी नाही. मालकांचे फोनवर फोन. तात्या पलीकडच्या शेडमध्ये होते. मी किसनला म्हटलं, "उतर, गाळ काढून घे, तासाभरात धुऊन मोकळी कर." किसन पेठकडचा, बायकोला घेऊन हंगामापुरता यायचा. त्याची यमुना तिथेच समोर द्राक्षं निवडायला बसलेली. किसन म्हणाला, "कंदील?" मी म्हटलं, "काल बघितलाय. काल मिसळलेली हवा आज वेगळी होत नाही. उतर."

त्यानं शिडीवर पाय ठेवला, तेवढ्यात तात्या आले. पळत नाही, चालतच आले. किसनचा दंड धरून त्याला बाजूला केलं आणि टाकीच्या तोंडावर मांडी घालून बसले. सरळ बसलेच!

"तात्या, उठा. ट्रक उभाय."

"दिवा सोडतो, मंग उठतो."

"काल सोडला होतात. मी बघितलाय. किती वेळा सांगायचं? हे शास्त्र आहे, तात्या. शास्त्र तुमच्या कंदिलापेक्षा मोठं आहे!" माझा आवाज चढला होता. निवडणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या.

तात्यांनी मान वर केली. "असंल, बाई. पन खाली किसन जानारे. शास्त्र नाय जानार."

मी हात झटकून म्हटलं, "सोडा, सोडा, करा काय करायचं ते." तात्यांनी कंदील लावला, दोर सोडायला लागले. एक गाठ, दोन, तीन, चार. ज्योत ठीक होती. पाचव्या गाठीला ती लांब झाली, थरथरली. सहाव्या गाठीला विझली. टाकी नऊ गाठींची होती. म्हणजे किसन तळाशी गाळ खरवडायला वाकला असता तेव्हा त्याचं डोकंसुद्धा 'ती'च्या खालीच राहिलं असतं.

किसननं शिडीवरून हात काढून घेतला आणि पँटला पुसला. यमुना हातात द्राक्षाचा घड घेऊन उभी होती, तिनं तो खाली ठेवला आणि येऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मी शेडच्या मागे गेले, भिंतीला धरून ओकले आणि तिथेच मातीत बसले. थोड्या वेळानं तात्या आले. तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा. "खा, बाई. आधी गूळ खा." मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग ते शेजारी उकिडवे बसले आणि अगदी हळू म्हणाले, "बसली ना परत?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मला वाटलं, म्हातारा माझी जिरली म्हणून खूश झालाय. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "हो तात्या. बसली."

हे मी खोटं बोलले. त्या क्षणी माहीत नव्हतं, पण दुपारपर्यंत कळलं. फांदी मारून, पंखा लावून, चारचारदा कंदील सोडून गाळ बाहेर काढला, तेव्हा त्यातला थोडा मी काचेच्या ग्लासात घेतला. त्यात बारीक बुडबुडे येत होते, एकामागून एक. गाळ अजून आंबतच होता! कालची हवा मिसळली ती मिसळलीच होती, ती वेगळी होऊन परत बसलेली नव्हती. रात्रभरात गाळातून नवी निघाली होती आणि ती तळाला साचली होती. म्हणजे माझं शास्त्र बरोबर आणि त्यातून काढलेला हुकूम माणूस मारणारा. तात्यांचं शास्त्र चूक आणि त्यांची सवय माणूस वाचवणारी. हे मी मालकांना सांगितलं, गड्यांना सांगितलं, गाळ असलेली टाकी दर वेळी तपासायची असा नियम लिहून भिंतीवर लावला. तात्यांना मात्र सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? ज्यांनी माझ्या हातून होणारी हत्या थांबवली, त्यांना परत "तुमचं चूकच" म्हणायचं? राहू दे, म्हटलं. एवढं तरी त्यांना जिंकू दे.

पुढच्या वर्षी मीच हट्ट करून मालकांकडून हवा मोजायचं यंत्र घेतलं. कंदील बंद करणं भाग होतं. एकतर वाइनच्या वाफांमध्ये उघडी ज्योत नको, आणि दुसरं म्हणजे ज्योत विझायच्या बऱ्याच आधी माणसाचं डोकं गरगरायला लागतं. हे मी तात्यांना सांगितलं. त्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. ते तळाशी जाऊन आकडा दाखवायचं आणि हवा वाईट असेल तर शिट्टी मारायचं. "बोलनारा दिवा हाय," म्हणाले. "चांगलं झालं. माझा मुका व्हता." आणि स्वतःच्या हातानं कंदिलाच्या जागी यंत्र दोराला बांधलं. त्यांचा एकच नियम राहिला. साहेब लोक येऊन यंत्र टाकीच्या तोंडाशी धरायचे, आकडा बघायचे आणि मान डोलवायचे. तात्या ते त्यांच्या हातातून काढून घ्यायचे. "हितं काय करतंय ते? माणूस खाली उतरनारे, याला बी खाली उतरू द्या." आणि जेवून आल्यावर परत. चहा पिऊन आल्यावर परत.

आणखी तीन हंगाम त्यांनी केले. मग गुडघे बोलायला लागले. शिडी चढवेना, तेव्हा एक दिवस यंत्र, दोर आणि जुनी टोपीसुद्धा किसनच्या हवाली करून तात्या गावी गेले. निरोप वगैरे काही नाही. मला म्हणाले, "बाई, गोड राहा. अन्‌ घाई करू नका." मी कितीतरी दिवस पोरकी झाल्यासारखी त्या टाक्यांमधून फिरत होते.

तात्या गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दम्यानं गेले, झोपेत. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. पण त्याच्या वर्षभर आधी मी त्यांना भेटायला गेले होते, आणि मला खरं सांगायचं आहे ते त्या भेटीचं.

दुपारी कळवणहून जीपनं त्यांच्या गावी पोचले. घर दोन खणांचं, शेजारीच वहिनींचं, मधे एकच ओटा. वहिनी ओट्याच्या पार पलीकडच्या टोकाला शेंगा फोडत बसल्या होत्या. मी तोपर्यंत त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तात्या बाजेवर बसले होते, खूप वाळले होते. मला बघून चेहरा फुलला, सुनेला हाका मारून चहा मांडायला लावला. मग इकडचं तिकडचं झालं आणि मधेच म्हणाले, "बाई, एक इचारू? खरं सांगाल? तुम्ही त्या दिशी माझं मन राखायला बोलला व्हता ना?"

मला काही कळेना. "कुठल्या दिवशी?"

"किसनच्या दिशी. बसली म्हनाला तुम्ही." आणि मग त्यांनी सांगितलं. यंत्र आल्यावर दोन हंगाम ते गुपचूप एक उद्योग करत होते. धुतलेली, कोरडी, गाळ नसलेली टाकी घ्यायची. बादलीनं तिच्यात 'ती' ओतायची, फांदी मारायची, यंत्र सोडून वरच्या गाठीचा आकडा बघायचा, तळाचा आकडा बघायचा, झाकण लावून जायचं. सकाळी परत बघायचं. "वरचा अन्‌ खालचा, दोन्ही तेच. येक डाव नाय, धा-बारा डाव बघितलं. बसत नाय, बाई. मिसळली की बसत नाय. तुमचं खरं व्हतं." त्यांनी ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. "मंग तिचं बी खरं व्हतं. फांदी मीच नीट मारली नाय."

तेव्हा मला पहिल्यांदा दादांची सगळी गोष्ट कळली. तात्यांनी ती खालच्या मानेनं सांगितली. मला भर दुपारी थंडी वाजल्यासारखं झालं. चहाचा कप, साखर, रामकुंडावरची माणसं, गड्यांचं हसणं. प्रत्येक वेळी मी या माणसाला काय सांगत होते! आणि हा माणूस इतका सरळ, की स्वतःला वाचवणारी एकच गोष्ट त्यानं स्वतःच तपासून मोडून टाकली.

मी त्यांचा हात धरला. "तात्या, मी खोटं बोलले. पण मन राखायला नाही, त्या क्षणी मलाही तसंच वाटलं होतं. त्या टाकीत हवा परत बसली नव्हती. गाळ आंबत होता, त्यातून रात्री नवी निघाली. मला दुपारीच कळलं होतं, लाजेनं सांगितलं नाही. आता मला सांगा, त्या विहिरीत तळाशी कुठे कपार होती? भेग?"

तात्या विचार करून म्हणाले, "व्हती. झरा आटलेला व्हता, त्याचं भोक. त्यातनं गार वारं लागायचं पायाला."

"आणि दुपारी आभाळ आलं होतं का?"

"आलं व्हतं. जेवता जेवताच भरून आलं. वळवाचं."

"मग ऐका. आभाळ भरून आलं की वरच्या हवेचा दाब कमी होतो, आणि जमिनीच्या पोटातली हवा भेगांतून बाहेर येते. ती जेवणाच्या वेळात आली, तात्या. नवी आली. सकाळची तुम्ही मिसळलेली मिसळलेलीच होती. कोपऱ्यात थोडी उरली असती, तरी दोन माणसं तीन तास खोरं मारत होती, ती कधीच विरून गेली असती. फांदी नीट मारली होतीत तुम्ही."

"नीट मारली व्हती?"

"नीट मारली होतीत."

"मंग दिवाच तेवढा राहिला," ते म्हणाले. "जेवल्यावरचा. तो माझाच." डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "बाई, हे तिला सांगता का? मी सांगून नाय ऐकायची."

मी उठून ओट्याच्या त्या टोकाला गेले, वहिनींच्या पुढ्यात बसले आणि सगळं परत सांगितलं. साध्या शब्दांत, कपार, आभाळ, नवी हवा. त्यांचे हात शेंगा फोडत होते. मी "तात्यांनी फांदी नीट मारली होती" म्हणाले, तेव्हा ते थांबले. त्यांनी माझ्याकडे नाही, तात्यांकडे बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं असेल तसं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "जेवायला मीच हाक मारली व्हती. तुम्ही दोघं म्हनत व्हता, एवढं उरकून येतो. मीच म्हनलं, नाय, गरम हाय तवर या." मांडीवरच्या सुपातल्या शेंगा ओट्यावर सांडल्या. "कुनाला तरी बोलायचं व्हतं मला. तुम्ही समोर व्हता."

तात्या बाजेवरून उठले. गुडघ्यांवर हात ठेवत, ओट्यावरून चालत आले आणि त्यांच्यासमोर खाली बसले. सांडलेल्या शेंगा गोळा करून त्यांच्या सुपात टाकल्या.

"वहिनी," ते म्हणाले, "दादानं त्या दिशी दोनदा भाकरी मागून घेतली. पोटभर जेवला व्हता तो."